जॅम बँडची मैफल घरी बघताना कंटाळा कुठून येतो आणि कान कुठे लावायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. सिअ‍ॅटलच्या भाच्याने तुम्हाला ग्रेटफुल डेड या अमेरिकी जॅम बँडची (म्हणजे मैफलीत गाणी आयत्या वेळी खुलवत लांबवणाऱ्या बँडची) १९७२ सालची, ऑरेगनमधल्या व्हेनीटा गावातल्या मैफलीची फिल्म सुचवली. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही ती ५५ इंची टीव्हीवर लावली. चाळीस मिनिटांत बायको उठून गेली. वडील तबला शिकलेले, गाण्यातले जाणकार, ते म्हणाले, "हे लोक अजून साज जुळवतच आहेत का?" तुम्ही पुढे ढकलत ढकलत ती संपवलीत. आता तुम्ही विचारताय की गाणी एवढी लांब का असतात, साउंडबार घेतला तर फरक पडेल का, की हे संगीत आपल्यासाठी नाहीच?

मी चोवीस वर्षं लाइव्ह साउंडचं काम करतोय. अर्ध्या संध्याकाळी शास्त्रीय मैफली आणि नाट्यसंगीत, अर्ध्या संध्याकाळी रॉक आणि फ्यूजन बँड. डेडची रेकॉर्डिंग्ज जवळपास तितकीच वर्षं ऐकतोय. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो: "पुढे ढकलत ढकलत संपवली."

ढकलताना तुम्ही थांबत कुठे होतात? माझा अंदाज, गाणारा माइकपाशी आला की. म्हणजे शब्द सुरू झाले की बघायचं, शब्द संपले की पुढे. ख्याल असा ऐकून बघा. दर वेळी मुखड्यापाशी थांबायचं आणि मधलं सगळं वगळायचं. एकच ओळ वीस वेळा ऐकू येईल आणि तुम्ही म्हणाल, हे काय, तेच तेच म्हणतायत! बढत, म्हणजे मधला विस्तार, वगळली की मुखड्याला अर्थ उरत नाही. या मंडळींचंही तसंच आहे. ‘डार्क स्टार’ हे गाणं त्यांनी १९६८ साली तबकडीसाठी ध्वनिमुद्रित केलं तेव्हा ते तीन मिनिटांपेक्षाही छोटं होतं. व्हेनीटाच्या मैफलीत तेच गाणं अर्धा तास चालतं. शब्द तेवढेच, मोजक्या ओळी. वाढलंय ते सगळं मधलं, आणि तुम्ही नेमकं तेच ओलांडून गेलात.

तेव्हा खरी अडचण आवडीची आहे असं मला आत्ता तरी म्हणवत नाही. तुम्ही मैफल सिनेमासारखी बघितलीत, आणि टीव्हीच्या स्पीकरवर अर्धामुर्धा बँड ऐकलात. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावरही कंटाळा आला, तर मग आवडीचा प्रश्न. तसं होऊ शकतं, त्यात कमीपणा काही नाही. कवितेसाठी गाणं ऐकणारे माझे काही मित्र या बँडपाशी कधीच रमले नाहीत, आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. शिवाय पुष्कळ गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत: खोली केवढी, शेजार कसा, रात्री किती वाजता बसता, सोबत कोण आहे. मी सांगेन त्यातलं जे जमेल ते घ्या.

आधी आवाज. कारण चित्र वाईट असलं तरी ही मैफल पोचते, आवाज अर्धा असला तर पोचत नाही.

या बँडचा बास वाजवणारा फिल लेश मुळात ट्रम्पेटवादक. मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराकडे तो रचना शिकला होता, आणि १९६५ साली बँडमध्ये आला तेव्हा बास शिकता शिकताच वाजवायला लागला. म्हणून तो नेहमीच्या बासवाल्यासारखा खाली ठेका धरून बसत नाही. जेरी गार्सियाची गिटार वर काही म्हणते, लेश खालून त्याला उत्तर देतो, कधी विरोध करतो, कधी त्याच्या आधीच पुढच्या वळणावर जाऊन उभा राहतो. निम्मं संभाषण तिथे आहे. बासच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर असतो सुमारे ४१ हर्ट्‌झचा. पातळ टीव्हीच्या आतले स्पीकर तळहाताएवढेही नसतात, आणि बहुतेकदा त्यांची तोंडं खाली किंवा मागे असतात. एवढा खालचा स्वर त्यांना काढताच येत नाही. तुम्हाला ऐकू आली ती त्या स्वराची वरवरची किणकिण. दोघं बोलत असताना एकाचंच ऐकू आलं तर ते बोलणं लांबलेलं आणि निरर्थक वाटणारच. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यावर वाटतं तसं.

साउंडबार घ्यायच्या आधी बिनखर्चाची एक चाचणी करा. घरात वायरचा कसाही हेडफोन असेल तो काढा, फिल्मचं एकच गाणं लावा आणि दहा मिनिटं फक्त बास ऐका. गिटार आपोआप ऐकू येतेच, तिकडे लक्ष देऊ नका. हे केल्यावर तुम्हाला काहीच वेगळं वाटलं नाही, तर पैसे खर्च करू नका. वाटलं, तर माझं मत असं: या कामासाठी साउंडबारपेक्षा दोन सुटे स्पीकर आणि एक साधा अ‍ॅम्प्लिफायर चांगला. जुने असले तरी चालतील. पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेले असतात. कारण हे संगीत डाव्या-उजव्यावर उभं आहे. अनेक रेकॉर्डिंग्जमध्ये एक गिटार एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते वेगळं ओळखता येतं. साउंडबारची पट्टी दोन बाजू टीव्हीच्या रुंदीएवढ्याच जवळ आणते आणि सगळं एकत्र कालवलं जातं. साउंडबारच घ्यायचा असेल तर खालच्या स्वरांसाठी वेगळा डबा, म्हणजे सबवूफर असलेला घ्या. मात्र तो कोपऱ्यात कोंबू नका. भिंतींच्या कोपऱ्यात बास फुगतो आणि लेशच्या बोटांऐवजी नुसती घुमघुम ऐकू येते.

स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कानाच्या उंचीला. दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं असू द्या. नाशिकच्या तुमच्या फ्लॅटमध्ये फरशी असणार, भिंती मोकळ्या असणार. टाळी वाजवून बघा. खणखणीत परत आली तर खाली सतरंजी टाका आणि समोरच्या भिंतीपाशी दोऱ्या ताणून एखादी गोधडी टांगा. हे मी चेष्टेने सांगत नाही. छोट्या सभागृहांत मी वर्षानुवर्षं पडदे आणि गाद्या वापरूनच आवाज ताब्यात आणलाय.

मग टीव्हीच्या आतल्या काही गोष्टी. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा आवाज सारखा करणारं जे काही असेल ते बंद करा. ते हळू आवाजाला वर उचलतं आणि मोठ्याला दाबतं. या बँडची गंमत हळू होत जाण्यात आणि परत उसळण्यात असते, ती पूर्ण सपाट होते. ब्लूटूथ हेडफोन असेल तर ढोलकाठीचा फटका आधी दिसेल आणि आवाज मागून येईल. सिनेमात एखादा क्षण खपून जातं, वाजवणाऱ्याच्या हातांवर नजर असते तेव्हा खपत नाही. वायर लावा, किंवा सेटिंगमध्ये चित्र-आवाजाचा मेळ जुळवा. चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा, जुन्या फिल्मचा दाणेदारपणा त्यात पुसला जातो. आणि पन्नास वर्षांपूर्वीचं चित्र चौकोनीच असतं. पडदा भरावा म्हणून ते ताणू नका. कडेला काळे पट्टे दिसू देत. ताणलेल्या चित्रात माणसं बुटकी होतात आणि गिटारीवरची बोटं कुठे आहेत ते नीट कळत नाही.

आवाज किती मोठा? शेजाऱ्यांना त्रास होणार नाही आणि तरी बास छातीला जाणवेल इतका. मोबाइलवरच्या मीटरने घरात ७५ डेसिबलच्या आसपास मला बरा वाटतो. रात्री दहानंतर हे शक्य नसेल, तर रविवारी दुपारी चारला बसा. व्हेनीटाची मैफल मुळात भर दुपारच्या उन्हातलीच आहे, त्यामुळे काही बिघडत नाही.

रेकॉर्डिंगच्या जातींबद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही शोधायला लागलात की गोंधळ होतो. डेडने आपल्या श्रोत्यांना मैफली टेप करायची मुभा दिली होती, आणि १९८४च्या ऑक्टोबरपासून तर टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे एकाच मैफलीची दोन-तीन ध्वनिमुद्रणं सापडतात. एक श्रोत्यांमधून केलेलं, त्यात सभागृह आणि माणसं आहेत. दुसरं साउंडबोर्डवरून, म्हणजे ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरवरून थेट घेतलेलं, त्यात प्रत्येक वाद्य स्वच्छ पण हवा नाही. आणि काही ठिकाणी दोन्हींचं मिश्रण. इंटरनेट आर्काइव्हवर या बँडच्या हजारो टेप आहेत. श्रोत्यांनी केलेल्या उतरवून घेता येतात, साउंडबोर्डच्या बहुतेक तिथल्या तिथे ऐकाव्या लागतात.

नवशिका माणूस नेहमी स्वच्छ रेकॉर्डिंग निवडतो. मीही निवडायचो. पुढे एका गायिकेच्या मैफलीचं रेकॉर्डिंग मी थेट मिक्सरवरून घेतलं आणि घरी येऊन ऐकलं तर त्यात गळा होता, पेटी होती, तंबोरे होते, पण मैफल नव्हती. तिच्या एका तानेला तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी "अहाहा" म्हटलं होतं आणि ती हसून तीच तान पुन्हा वेगळी घेऊन आली होती. माझ्या टेपमध्ये ती दुसरी तान विनाकारण आल्यासारखी वाटत होती. तेव्हापासून दोन माइक श्रोत्यांकडे तोंड करून लावल्याशिवाय मी रेकॉर्डिंग करत नाही. जॅम बँडच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. समोरच्या हजारो माणसांनी कुठल्या क्षणी श्वास रोखला, ते ऐकल्याशिवाय स्टेजवरच्यांनी तो क्षण का लांबवला ते कळत नाही.

आता कान कुठे लावायचा. तुमच्याच फिल्ममधलं उदाहरण घेऊ. त्यात ‘चायना कॅट सनफ्लॉवर’ आणि ‘आय नो यू रायडर’ ही दोन गाणी जोडून येतात. चाहत्यांच्या याद्यांमध्ये अशा दोन नावांमध्ये बाणासारखं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, मध्ये थांबलेले नाहीत. या दोन गाण्यांच्या मधली काही मिनिटं तुम्ही लागोपाठ तीन वेळा ऐका. पहिलं गाणं ‘जी’ (G) स्वरावर आहे, दुसरं ‘डी’ (D) वर. आपल्या भाषेत, पहिल्या गाण्याचा पंचम हा दुसऱ्याचा षड्ज होणार आहे. तिथपर्यंत जायचं कसं हे कुणी बोलून सांगत नाही. पहिल्या खेपेला फक्त गार्सियाकडे लक्ष द्या. दुसऱ्या खेपेला फक्त लेशकडे. तिसऱ्या खेपेला बॉब विअरकडे, ज्याची गिटार कुणी नवखा ऐकतच नाही. विअर नुसते ठोकळेबाज कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, वाजवत नाही. जॅझ पियानोवादक मॅकॉय टायनरचा डावा हात ऐकून आपण वाजवायला शिकलो असं तो सांगायचा, आणि ते ऐकू येतं: तुकडे-तुकडे, मोकळ्या जागा, मध्येच एक तिरपी टाचणी. गार्सिया सरळ गेला तर विअर त्याला जागा देतो, गार्सिया अडखळला तर विअर एक नवा तुकडा टाकतो आणि गार्सिया तो उचलतो. एकदा हे उचलणं कानाला सापडलं की लांबीची तक्रार संपते. मग पुढचं कुणी काय उचलतंय हे बघण्यात वेळ जातो.

‘डार्क स्टार’साठी आणखी एक सोय. त्या गाण्याचा मूळ आधार ‘ए’ (A) स्वरावरचा मिक्सोलिडियन, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वर: सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. तुमच्या घरी पेटी असेल तर षड्ज धरून ठेवा आणि कोमल निषाद कधी येतो बघा. राग शोधू नका, राग नाही. पण आधारस्वर कळला की ते तिथून किती दूर गेले आणि कधी परत आले हे कळतं. मध्ये एक वेळ अशी येते की आधार, ठेका, सगळं सुटतं आणि नुसते आवाज उरतात. तिथे डोळे मिटा. चित्रपटात तिथे दिसणाऱ्या गोष्टींनी माझं लक्ष विचलित होतं.

मी ख्यालाची उपमा दिली खरी, पण ती फार ताणू नका. आपल्याकडे एक गायक आणि त्याला साथ. जॅझमध्येही पुष्कळदा एकेकाची पाळी. इथे साथीदार कुणीच नाही आणि पाळीही नाही, सगळे एकाच वेळी पुढे. समेवर तिहाईने येण्याचा हिशोब नाही. एकमेकांचा अंदाज घेत ते समेसारख्या जागी पोचतात, आणि कधी कधी पोचतच नाहीत. हे मी मोकळेपणाने सांगतो, कारण चाहते सांगत नाहीत: या बँडने तीस वर्षांत तेवीसशेच्या आसपास मैफली केल्या, आणि त्यांतल्या कित्येक रात्री भरकटलेल्या आहेत. एकाच मैफलीतसुद्धा दहा मिनिटं चाचपडणं आणि मग अचानक दार उघडणं असं होतं. कापलेल्या, निवडक तुकड्यांत फक्त उघडलेलं दार दिसतं. ते कसं उघडलं ते बघायचं असेल तर चाचपडणंही बघावं लागतं. मला स्वतःला आता चाचपडणंच जास्त आवडतं, कारण तिथे माणसं काय विचार करतायत ते दिसतं.

आणि दिसण्यासाठीच तर तुम्ही ऑडिओ सोडून व्हिडिओ बघताय. तर चेहऱ्यांपेक्षा माना बघा. गार्सिया फारसा हलत नाही, पण वळण येणार असलं की त्याची मान किंचित उचलली जाते आणि नजर ड्रमरकडे जाते. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच अर्ध्याहून जास्त तुटलेलं आहे. जवळून घेतलेल्या चित्रात ते दिसतं, आणि त्या हाताने तो काय करतोय हे पाहिल्यावर मला दर वेळी आदर वाटतो. पियानोवर कीथ गॉडशॉ आहे. तो क्वचितच मान वर करतो, पण त्याचे हात थांबले की समजा, काहीतरी बदलणार आहे.

वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. ते बरोबर ऐकत होते. डेडची मंडळी गाण्यांच्या मध्ये खरोखरच फार वेळ साज जुळवायची, आणि व्हेनीटाला तर नाइलाजच होता. २७ ऑगस्ट १९७२चा तो दिवस. पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर. स्टेज अशा दिशेला बांधलेलं की दुपारनंतरचं ऊन थेट वाजवणाऱ्यांच्या तोंडावर. तारा तापत होत्या, उतरत होत्या, ते पुन्हा पुन्हा जुळवत होते. मैफल होती स्प्रिंगफील्ड क्रीमरी या अडचणीत आलेल्या दुग्धालयाच्या मदतीसाठी, आणि तिकिटं छापली होती त्यांच्याच दह्याच्या डब्याच्या लेबलांवर. उन्हात तंबोरा लावलेल्या कुठल्याही माणसाला त्यांची परिस्थिती कळेल. वडिलांना एवढं सांगून मग पुन्हा दाखवा. मात्र एक सूचना आधीच द्यायला हवी होती, ती आता देतो: त्या फिल्ममध्ये श्रोत्यांमधली काही माणसं विवस्त्र आहेत, एक तर स्टेजच्या मागच्या खांबावर चढून बसलाय. वडिलांबरोबर आणि मुलांबरोबर बसायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं. बहिणीच्या मुलाने ते सांगितलं नसेल!

इथवरचं एका दमात: हेडफोनवर बास तपासा, स्पीकर दोन आणि सुटे, नाइट मोड बंद, ढकलणं बंद, आणि एका बैठकीत एकाच माणसाला ऐका. आता किती वेळ बसायचं आणि पुढे काय बघायचं ते.

एका बैठकीत एकच सेट, म्हणजे मध्यंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा भाग. ते स्वतः मध्यंतर घ्यायचे, तुम्ही का नाही घ्यायचं? पहिल्या सेटमध्ये साधारण छोटी, सुटी गाणी असतात. हात मोकळे होतात, आवाज जुळतो. दुसऱ्या सेटमध्ये गाणी एकमेकांत विरघळतात. १९७८च्या सुमारापासून दुसऱ्या सेटच्या मध्यावर बहुतेक रोज ड्रमचा मोठा भाग, त्यानंतर तालाशिवाय नुसते आवाज, मग एखादं संथ गाणं आणि शेवटी धावतं. जेवण झाल्यावर पेंगुळलेल्या डोळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली की दुसरा सेट येईपर्यंत माणूस दमतो. शनिवारी पहिला, रविवारी दुसरा. तुमची बायको पहिल्या सेटला बसेल असं मला वाटतं, कारण त्यात गाणी आहेत. दुसऱ्याला बसायचा आग्रह करू नका. घरात एकटं ऐकण्यातही सुख आहे.

व्हेनीटानंतर दोन गोष्टी बघा, पण क्रमाने. पहिली, १९७४च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात १६ ते २० या पाच रात्री चित्रित केलेला आणि १९७७ साली आलेला त्यांचा स्वतःचा चित्रपट, ज्याच्या दिग्दर्शनात गार्सिया स्वतः होता. आवाजाचं काम करणारा म्हणून माझा जीव त्यात अडकलेला आहे. वादकांच्या मागे जी प्रचंड भिंत दिसते, ती नुसती सजावट नाही. सहाशेच्या वर स्पीकर, प्रत्येक वाद्याला वेगळा स्तंभ. बासच्या तर प्रत्येक तारेचा आवाज वेगळा काढायची सोय होती. ही भिंत वाजवणाऱ्यांच्या मागे असल्यामुळे श्रोत्यांना जे ऐकू यायचं तेच वाजवणाऱ्यांना. आमच्या धंद्यात गायक रोज रात्री म्हणतो, "मला माझा आवाज येत नाहीये," आणि आम्ही त्याला स्वतःचा आवाज ऐकवायला पायाशी ठेवलेल्या स्पीकरशी, म्हणजे मॉनिटरशी झगडत बसतो. या माणसांनी मॉनिटरच काढून टाकले. पण मागून एवढा आवाज आला तर तो गाण्याच्या माइकमध्ये शिरून शिट्टी मारणार. म्हणून प्रत्येक गायकापुढे एकावर एक असे दोन माइक दिसतील, उलट्या जोडणीचे. गायचं फक्त वरच्यात. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकांना खोडतो. गळ्याचा आवाज एकातच जास्त जातो, म्हणून तो उरतो. तुम्ही बघाल तेव्हा त्या जोड्या नक्की शोधा. सव्वीस हजार वॅटच्या वरची ही यंत्रणा गावोगाव हलवणं इतकं महाग पडलं की त्या पाच रात्रींनंतर त्यांनी फिरणंच काही काळ थांबवलं, आणि ती भिंत पुन्हा तशी उभी राहिली नाही.

दुसरी, त्याच विंटरलँडची शेवटची रात्र, ३१ डिसेंबर १९७८. तीन सेट, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, आणि शेवटी श्रोत्यांना नाश्ता. ही टीव्हीवरून प्रक्षेपित झाली होती, त्यामुळे चित्र मऊ आहे, रंग थोडे पसरलेले आहेत. तक्रार करू नका, थोडं मागे सरकून बसा. चार वर्षांहून जास्त काळ न वाजवलेला ‘डार्क स्टार’ त्या रात्री आला. पहिले सूर वाजल्यावर सभागृहातून जो आवाज उठतो, त्यासाठी आवाज थोडा वाढवून ठेवा.

आणि हीच रात्र तुमच्या वडिलांसाठी. व्हेनीटाला एकच ड्रमर आहे, बिल क्रॉइट्झमन. विंटरलँडला दोन आहेत, कारण मिकी हार्ट परत आलाय. हा हार्ट म्हणजे उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे हिशोब समजून घेतलेला माणूस. कॅलिफोर्नियात सॅन राफेलला अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज होतं, तिथे अल्लारखाँचे चिरंजीव झाकिर हुसेन तबला शिकवायचे, आणि हार्ट व झाकिरभाईंनी मिळून १९७६ साली ‘दिगा’ नावाची तबकडी काढली. पुढे हार्टच्या १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्येही झाकिरभाई होते, तिला ग्रॅमी मिळालं. डेडच्या ‘द इलेव्हन’ या गाण्यात तर अकरा मात्रांचं आवर्तन आहे, तीन-तीन-तीन-दोन असं. ते १९६९च्या ‘लाइव्ह/डेड’ तबकडीवर ‘डार्क स्टार’ आणि ‘सेंट स्टीफन’च्या पाठोपाठ न थांबता येतं.

वडिलांना यातलं काही आधी सांगू नका. आधी ‘द इलेव्हन’ लावा आणि त्यांच्या हाताकडे बघा. तबला शिकलेल्या माणसाची बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागतात. दोन आवर्तनांत त्यांना अकरा सापडतील, आणि ते रुद्र तालाचं नाव काढतील. मग विंटरलँडच्या दुसऱ्या सेटमधला ड्रमचा भाग लावा, तोच जो तुम्ही एरवी ढकलला असता, आणि तो चालू असताना त्यांना हार्टने ते कुणाकडून घेतलं ते सांगा. त्यांनी काय म्हटलं ते मला जरूर कळवा.